सासऱ्यांच्या फुटबॉलचं लॅमिनेशन

माझ्या सासऱ्यांकडे स्कॉटलंडमधल्या जुन्या फुटबॉल सामन्यांचे प्रोग्रॅम होते. मी ते लॅमिनेट केले. मिटलेल्या अवस्थेत.

एवढ्यावरून ज्यांना पुढचं सगळं कळलं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. ते माझ्यापेक्षा शहाणे आहेत आणि शहाण्यांना गोष्टी सांगण्यात काही मजा नसते. बाकीच्यांसाठी खुलासा असा, की स्कॉटलंडमध्ये सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर एक पातळ पुस्तिका विकत मिळायची, तिला प्रोग्रॅम म्हणतात. वर क्लबचं नाव, आत दोन्ही संघांतल्या खेळाडूंची नावं, क्लबच्या अध्यक्षांचं रडगाणं आणि पाइपच्या तंबाखूची जाहिरात. पुस्तिका असल्यामुळे ती उघडता येते. म्हणजे, यायची.

माझे सासरे, म्हणजे अण्णा, कोल्हापूरचे. उरलेला महाराष्ट्र क्रिकेटवर पोसला जातो. कोल्हापुरात मात्र पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉलसंघ असतात, आणि सासरच्या पेठेची मॅच माहेरच्या पेठेशी असली की सुनेनं कुठल्या गोलला टाळी वाजवली यावरून घरात आठवडाभर अबोला चालतो. अण्णांच्या वडिलांची उद्यमनगरात फौंड्री होती. ओतकाम शिकून ये म्हणून त्यांनी तरुण अण्णांना ग्लासगोजवळच्या एका गावात धाडलं. अण्णा सोमवार ते शनिवार दुपारपर्यंत ओतकाम शिकले आणि शनिवारी दुपारनंतर, फौंड्रीतल्या कामगारांबरोबर शेजारच्या मैदानावर उभं राहून, हरायला शिकले. कारण त्या गावचा क्लब सतत हरायचा. नुसता हरायचा नाही, शिस्तीनं हरायचा.

लग्न नवं असताना मी एकदा विचारलं होतं, "अण्णा, जवळपास एखादा जिंकणारा क्लब नव्हता का?"

अण्णांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "जावईबापू, जिंकणाऱ्याच्या मागं कोणबी जातंय. त्याला प्रेम म्हणत नाहीत. त्याला वरात म्हणतात."

इथे एक सांगायला हवं. आमच्यात जावयाला रागवायची पद्धत नाही. शास्त्रानं त्याला दहावा ग्रह ठरवलंय, आणि ग्रहाची शांत करतात, त्याला झापत नाहीत. त्यामुळे अण्णांचा माझ्याबद्दलचा सगळा तुच्छभाव 'जावईबापू' आणि 'तुम्ही' या शालीत गुंडाळून येतो. शाल उबदार असते. आत वीट असते.

तुच्छभाव माझ्याकडूनही कमी नव्हता, हेही कबूल केलेलं बरं. चिखलात काही माणसं दीड तास धावणार, शेवटी कोणाचाच गोल होणार नाही, आणि त्याची आठवण काढून पुढच्या शतकात म्हाताऱ्यांचे डोळे पाणावणार! मी मूळचा नागपूरचा. आमच्याकडे डोळ्यांत पाणी यायला सावजी रस्सा लागतो. त्यातून मी हाफटाइमला 'लंच' म्हणायचो, तेव्हा अण्णा टीव्हीचा आवाज वाढवायचे.

सासूबाई गेल्यावर मेधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, अण्णांना आमच्याकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला आणलं. पार्सिपनीत मराठी माणसं पुष्कळ. देवळाच्या बाकावर समवयस्क मंडळीही भरपूर. पण त्यांच्या गप्पा साखरेपासून सुरू व्हायच्या (रक्तातल्या) आणि गुडघ्यापाशी संपायच्या. अण्णांना चेंडू हवा होता. इथे तर हातात धरून पळायच्या खेळाला फुटबॉल म्हणतात. पहिल्यांदा तो टीव्हीवर पाहून अण्णा म्हणाले, "हे म्हणजे कबड्डीत कुणीतरी नारळ आणलाय." आणि खोलीत निघून गेले. महिनोन्‌महिने ते खोलीतच होते म्हणा ना.

मग आम्हाला कर्नी सापडलं.

कर्नी हे न्यू जर्सीतलंच गाव. पूर्वी तिथल्या गिरण्यांत काम करायला स्कॉटलंडहून माणसं आली. गिरण्या गेल्या, तळलेल्या माशांचं दुकान राहिलं आणि त्या दुकानात दर शनिवारी सकाळी बसणारे काही म्हातारे राहिले. एका शनिवारी मी अण्णांना तिथे मासे खायला नेलं. अण्णांनी पहिला घास घेतला, "मीठ विसरलेत, तिखट विसरलेत, फक्त मासा तेवढा आठवणीनं टाकलाय," असं म्हणून खिशातून कांदा-लसूण चटणीची डबी काढली, आणि तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं. डबी हातातच राहिली. त्या टेबलावर फुटबॉल चालला होता.

अण्णा उठून गेले. त्या टेबलाचा म्होरक्या डंकन नावाचा निवृत्त दाताचा डॉक्टर होता. झाडूसारख्या भुवया, अण्णांपेक्षा वयानं बराच लहान, पण तोऱ्यानं त्यांच्या बरोबरीचा. अण्णांनी आपल्या गावचं आणि क्लबचं नाव सांगितलं. डंकन हसला. म्हणाला, मी शेजारच्याच गावचा. त्या क्लबला पाठीराखे नव्हतेच, नुसते नातेवाईक होते. आणि त्यांच्यात एखादा हिंदुस्तानी असता तर मला आठवला असता. (हे सगळं मला अण्णांनी नंतर सांगितलं. मी सतरा देशांतल्या माणसांशी कॉन्फरन्स कॉलवर इंग्रजी बोलतो, पण डंकनचं इंग्रजी मला घशातल्या काट्यासारखं वाटलं.)

त्या टेबलाचा एक नियम होता. पुराव्याशिवाय गोष्ट नाही. ज्या सामन्याची आठवण सांगायची त्याचा प्रोग्रॅम टेबलावर ठेवायचा. मग तो हातोहात फिरतो, प्रत्येक जण उघडतो, नाकाशी धरून वास घेतो, आत छापलेली नावं मोठ्यानं वाचतो. त्यानंतर ज्याचा प्रोग्रॅम त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. ज्याच्याकडे काही नाही त्यानं मासे खावेत आणि घरी जावं.

परतताना गाडीत अण्णांनी पट्टा ओढून लावला. मग म्हणाले, "मला खोटारडा म्हणाला, जावईबापू. सभ्यपणानं म्हणाला. पण म्हणाला."

घरी पोचताच कोल्हापूरला फोन गेला. माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, तो पाठवा. मेधाचा चुलतभाऊ येणारच होता. त्याच्या बॅगेतून, भडंग आणि कांदा-लसूण चटणीच्या मधोमध बसून, तो डबा नेवार्कच्या विमानतळावर उतरला. वाटेत चटणीची पिशवी फुटली होती. अण्णांनी डबा उघडला, नाक आत घातलं, आणि शिंका देत देत हसले. असे हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

डब्यात प्रोग्रॅम होते, पिवळे पडलेले, कडा झडलेल्या. आणि एक फोटो. गावच्या वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरनं काढलेला. मागे प्रेक्षकांची गर्दी, सगळ्यांच्या डोक्यावर तिथल्या पद्धतीच्या चपट्या टोप्या, आणि पुढे मैदानाच्या कडेला एकच माणूस, अंगात ढगळ कोट, डोक्यावर आईनं विणून दिलेली माकडटोपी, नाकापर्यंत ओढलेली. हातात चेंडू.

हीच ती गोष्ट अण्णांना सांगायची होती. त्या दिवशी कोणा महाभागानं चेंडू असा टोलवला, की तो भिंतीपलीकडे फौंड्रीच्या आवारात जाऊन पडला. दुसरा चेंडू क्लबकडे नव्हता. (जो क्लब एक चेंडू धड वापरू शकत नव्हता, त्यानं दुसरा घ्यावाच कशाला?) फौंड्रीला कुलूप. वॉचमन शनिवारी कोणाला दाद द्यायचा नाही, पण अण्णांशी त्याची दोस्ती होती. अण्णा धावत गेले, वाळूच्या ढिगात रुतलेला चेंडू उकरून घेऊन आले, आणि सगळं मैदान त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला लागलं. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, की या हंगामात आपल्याकडच्या माणसानं चेंडू योग्य जागी पोचवल्याची ही पहिलीच वेळ. परक्या मुलुखात, परक्या थंडीत, ओळखीपाळखीशिवाय आलेल्या पोराला एका अख्ख्या गावानं टाळ्या दिल्या होत्या. ते खरं होतं, एवढंच अण्णांना शनिवारी त्या टेबलावर सिद्ध करायचं होतं.

आणि मी मदत करायचं ठरवलं.

माझ्या वडिलांचा दोन गोष्टींवर विश्वास होता: देव आणि लॅमिनेशन. पैकी देवावर थोडा कमी. नागपूरच्या आमच्या घरात मार्कशीट, डोमिसाइल, सायकलच्या पंपाचं गॅरंटी कार्ड, सगळं प्लास्टिकमध्ये. "पाण्यात पडलं तरी काही होत नाही," असं बाबा म्हणायचे. जणू आम्ही मार्कशीट घेऊन पोहायला जाणार होतो. त्यांनी माझी जन्मपत्रिकाही लॅमिनेट केली. त्यामुळेच माझ्या ग्रहांना हालचाल करता येत नाही, असं मेधाचं मत आहे.

हा वारसा मी सातासमुद्रापार आणला. कंपनीनं एक ऑफिस बंद केलं तेव्हा लोकांनी तिथून खुर्च्या नेल्या, मॉनिटर नेले. मी भलंमोठं लॅमिनेशनचं यंत्र आणलं. मग डिशवॉशरच्या सूचना झाल्या, सानिकाची, म्हणजे आमच्या मुलीची, बालवाडीतली चित्रं झाली, मंडळाच्या गणपतीची आरती झाली. (ती कापराजवळ नेल्यावर वळून सुरळी होते आणि 'जय देव' पलीकडचं काही दिसत नाही. तरी लोक आवाज खाली येऊ देत नाहीत.) एकदा तुळशीचं पान केलं. का केलं ते आठवत नाही.

गुरुवारी मेधा अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. घर रिकामं. मी डबा घेऊन तळघरात उतरलो.

पहिला प्रोग्रॅम यंत्रात जाईना. मी उष्णता वाढवली. यंत्रानं म्हशीसारखा सुस्कारा टाकला आणि तो गिळला. दुसऱ्या बाजूनं काय बाहेर आलं म्हणता! चकचकीत, ताठ, गरमागरम. मग माझ्या अंगात आलं. बाकीच्यांच्या झडलेल्या कडा वाईट दिसत होत्या, त्या मी यंत्रात घालण्याआधी कटरनं सरळ कापल्या. प्लास्टिकचे कोपरे टोचतात म्हणून ते गोल केले. एकत्र राहावेत म्हणून कोपऱ्यात भोक पाडून सगळे एका कडीत ओवले. एक तेवढा कडीत मावला नाही, तो तसाच सुटा राहिला. शेवटी फोटो घातला. फोटोच्या वेळी यंत्र जरा जास्तच तापलं असावं, कारण गर्दीतली माणसं बाहेर येताना उभी ताणली गेली. चपट्या टोप्यांखालचे चेहरे मेणबत्तीसारखे ओघळले. पुढची माकडटोपी मात्र जशीच्या तशी. मी स्वतःला समजावलं, की महत्त्वाचा माणूस शाबूत आहे.

अण्णा आले ते काळा चष्मा लावून. डॉक्टरनं डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना धड दिसत नव्हतं. मी त्यांना सोफ्यावर बसवून म्हटलं, "अण्णा, डोळे मिटा." (ज्याला उघड्या डोळ्यांनीही दिसत नव्हतं, त्याला मी हे सांगत होतो.) आणि तो जुडगा त्यांच्या हातात ठेवला.

अण्णांनी चाचपून पाहिलं. "मेनूकार्ड आहे का? कुठल्या हॉटेलात आलोय आपण?"

"प्रोग्रॅम आहेत, अण्णा. तुमचे. आता शंभर वर्षं यांना काही होणार नाही."

अण्णांचा अंगठा कडेवरून फिरायला लागला. एक कड, मग दुसरी, मग तिसरी. पुन्हा पहिली.

"उघडायचा कुठनं?"

"उघडायची गरजच नाही. आता आत धूळ जाणार नाही, पाणी जाणार नाही…"

"आणि मी?"

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मेधानं पर्स ठेवता ठेवता माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. विवाहितांना ते नको आहे आणि अविवाहितांना घाबरवण्यात अर्थ नाही. अण्णांनी जुडगा नाकाशी नेला. आमच्या अख्ख्या घराला तेव्हा नव्या रेनकोटचा वास येत होता. त्यांनी तो अलगद टीपॉयवर ठेवला.

"मेधा, जावईबापूंना चहा दे. दमले असतील."

कोल्हापूरचा माणूस शिव्या देतो तोवर ठीक असतं. चहा विचारायला लागला, की माणसानं आपलं मृत्युपत्र शोधावं.

शनिवारला दोन दिवस होते. इंटरनेटवर एका गृहस्थानं शपथेवर सांगितलं होतं, की फ्रीजरमध्ये ठेवलं की प्लास्टिक सुटतं. मी कडी सोडवली आणि काही प्रोग्रॅम मटार आणि उकडीच्या मोदकांच्या मध्ये ठेवले. मी भोक पाडलं होतं तिथून आत दमट हवा शिरली आणि सकाळी प्लास्टिक जागच्या जागी, आत मात्र दव. मेधा म्हणाली, "माझ्या वडिलांचं तारुण्य तू मटाराशेजारी ठेवलंस."

दव सुकवायला मी इस्त्री फिरवली. प्लास्टिकचा गोंद वितळून भोकातून आत पाझरला, आणि पानं एकमेकांना अशी चिकटली, की त्या वस्तूला पुस्तिका म्हणणं शक्य नव्हतं. ती फरशी झाली होती.

तेव्हा मी पाटणकर काकांना बोलावलं. काका आमच्या मंडळातले, रंगांच्या कारखान्यात केमिस्ट होते. मंडळात कोणाचाही गालिचा, भिंत किंवा संसार डागाळला की काका बाटली घेऊन येतात. त्यांनी गॅरेजमध्ये ट्रे मांडला, ट्रेमध्ये एक उग्र द्रव ओतला, कडीतले उरलेले प्रोग्रॅम त्यात बुडवले आणि रेणूंवर भाषण दिलं. भाषण संपेपर्यंत ट्रेमधला द्रव निळा झाला.

काकांनी चिमट्यानं एक पान उचललं. "सायंटिफिकली सक्सेस आहे. प्लास्टिक सुटलं."

"आणि छपाई?"

"तीही सुटली."

दोन्ही संघ वाहून गेले होते. यादीत फक्त एक गोलकीपर उरला होता, तोही अर्धा. अण्णांच्या क्लबचाच असणार. जागचा न हलणं ही त्यांची परंपरा होती.

तेवढ्यात सानिका सायकल घ्यायला गॅरेजमध्ये आली. तिनं ट्रे पाहिला, काकांना पाहिलं, मला पाहिलं. मग तो कडीत न मावलेला, म्हणून वाचलेला, सुटा प्रोग्रॅम हातात घेऊन उलटासुलटा केला.

"बाबा, व्हाय डोन्ट यू जस्ट कट द एज?"

काकांनी बाटलीचं झाकण लावलं. खरं होतं. प्लास्टिक फक्त बाहेरच्या पानांना चिकटतं. तीन कडा कापल्या असत्या तर प्रत्येक प्रोग्रॅम उघडला असता. दोन इंजिनिअरिंग डिग्र्या (एक नागपूरची, एक इथली, दोन्ही लॅमिनेटेड) असलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. मी सगळी इभ्रत पणाला लावून कात्री उचलली आणि त्या शेवटच्या प्रोग्रॅमला लावली.

"दॅट्स द फोल्ड, बाबा," सानिका म्हणाली. कात्री नेमकी घडीच्या बाजूला होती.

"जावईबापू." गॅरेजच्या दारात अण्णा उभे होते. "कात्री खाली ठेवा. सावकाश. शाब्बास. आता दोन पावलं मागं या." सिनेमात इन्स्पेक्टर दरोडेखोराशी बोलतात तसं. मग पुढे येऊन त्यांनी तो प्रोग्रॅम माझ्या हातातून काढून घेतला, चष्मा वर करून पाहिला, आणि त्यांचा चेहरा बदलला. चेंडू भिंतीपलीकडे गेला होता त्याच सामन्याचा तो होता. ते तो छातीशी धरून घरात गेले. त्या रात्री तो त्यांच्या उशीखाली होता आणि खोलीला आतून कडी होती.

शनिवारी मला गाडी चालवणं भाग होतं, कारण अण्णांना येत नाही आणि मेधानं सांगितलं, की ज्यानं केलं त्यानं निस्तरावं. अण्णांनी पुराव्यासाठी सगळंच बरोबर घेतलं होतं: फरशा, धुतलेली पानं, ओघळलेला फोटो, आणि तो एक शिक्कामोर्तब झालेला प्रोग्रॅम. वाटेत मी म्हटलं, "सॉरी, अण्णा."

"रस्त्याकडं बघा."

दुकानात सगळं टेबल भरलेलं होतं. अण्णांनी नमस्कार केला आणि पिशवीतून त्या फरशा काढून डंकनसमोर ठेवल्या. डंकननं चष्मा लावला, वरची फरशी उलटसुलट पाहिली, आणि दुकानातल्या मुलीला हाक मारून एक तळलेला हॅडॉक मासा आणायला सांगितला. वर म्हणाला, नवीन मेनूकार्ड बिनडोक आहे, किमतीच नाहीत.

अण्णांनी शांतपणे खुलासा केला. फौंड्रीत शिकलेल्या त्यांच्या इंग्रजीत त्यांनी यंत्राचं वर्णन केलं, फ्रीजरचं केलं, इस्त्रीचं केलं, ट्रेमधल्या निळ्या पाण्याचं केलं. प्रत्येक टप्प्याला टेबलावरचे म्हातारे माझ्याकडे वळून बघत आणि मग एकमेकांकडे. मी गाडी नीट लावली आहे का ते पाहायला उठणार होतो. अण्णांनी न बघता माझी बाही धरली.

डंकननं भुवया उडवल्या. अण्णांनी नंतर मला त्याचं बोलणं उलगडून सांगितलं: गोष्ट छान आहे, पण ही तुझ्या जावयाची आहे, तुझी नाही. तुझा पुरावा कुठाय?

अण्णांनी तो शेवटचा प्रोग्रॅम टेबलावर ठेवला. डंकननं मासे कापायची सुरी उचलली. आयुष्यभर बंद तोंडं उघडण्यात घालवलेला माणूस. त्यानं एक कड कापली, दुसरी कापली, तिसरी कापली, घडीला धक्का न लावता. आणि पान उघडलं.

आतून आधी वास आला. ओली भिंत, तंबाखू, आणि त्या सगळ्यावर बसलेली कोल्हापूरची कांदा-लसूण चटणी. डंकननं नियमाप्रमाणे नाक पानात घातलं आणि त्याला ज्या शिंका सुटल्या त्या शेवटच्या म्हाताऱ्यापर्यंत प्रोग्रॅम पोचला तरी थांबल्या नाहीत. सगळं टेबल शिंकत शिंकत खेळाडूंची नावं वाचत होतं.

मग अण्णा बोलायला लागले. भिंतीपलीकडे गेलेला चेंडू. फौंड्रीचं कुलूप. वॉचमन. वाळूचा ढीग. इथपर्यंत आले आणि डंकननं हात वर केला. मध्ये बोलायचं नाही हा त्याचाच नियम, पण त्यानं मोडला.

"डोक्यावर काय होतं?"

अण्णांनी पिशवीत हात घातला. फोटो काढून पुढे सरकवला. मी मान खाली घातली, कारण त्या फोटोत आता गर्दी नव्हती, नुसता चेहऱ्यांचा चिखल होता. टेबलावरचं कोणीतरी म्हणालं, की त्या क्लबचा बचाव असाच दिसायचा, एकही माणूस जागेवर नाही. पण डंकन हसला नाही. त्या वितळलेल्या माणसांच्या मधोमध एकच गोष्ट ठसठशीत उभी होती: नाकापर्यंत ओढलेली माकडटोपी, वर दोन डोळे, हातात चेंडू.

"दरोडेखोर," डंकन हळूच म्हणाला.

तो त्या दिवशी तिथे होता. लहान होता, वडिलांच्या खांद्यावर, समोरच्या बाजूला, पाहुण्या संघाच्या गर्दीत. भिंतीपलीकडून तोंड झाकलेला एक माणूस चेंडू घेऊन धावत येताना त्यानं पाहिला होता. त्याला माकडटोपी काय माहीत! सोमवारी शाळेत त्यानं सांगितलं, की बँक लुटणाऱ्या माणसानं येऊन चेंडू परत दिला. कोणाचा विश्वास बसला नाही. मास्तरांनी खोटारडा म्हणून बाकावर उभं केलं. पुढे पुढे त्याला स्वतःलाही वाटायला लागलं, की आपण हे स्वप्नात पाहिलं असावं. हिंदुस्तानी माणूस त्याला आठवत नव्हता तो यामुळेच. त्याला फक्त टोपी आठवत होती.

दोघे खोटारडे टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांकडे बघत राहिले. मग डंकन उठला, आपल्या शेजारची खुर्ची ओढली, आणि अण्णांना हातानं धरून तिच्यावर बसवलं. अण्णांनी खिशातून चटणीची डबी काढून त्याच्या हॅडॉकवर चिमूटभर टाकली. यापेक्षा मोठा मान कोल्हापुरात नाही.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं मला जमलं असतं तर हा लेखच झाला नसता. मी पुढे झुकून म्हणालो, की नीट बघितलं तर याचं थोडं श्रेय लॅमिनेशनला जातं. बाकीचे चेहरे वितळले म्हणून तर टोपी उठून दिसली! आणि वाससुद्धा प्लास्टिकमुळेच आत टिकला!

डंकननं चष्मा काढून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, दाढ काढायची की राहू द्यायची हे ठरवताना बघत असेल तसं. मग अण्णांकडे वळून म्हणाला, पुढच्या शनिवारी ही जावयाची गोष्ट पुन्हा सांग, पलीकडच्या टेबलालाही ऐकायची आहे. फक्त नियम म्हणजे नियम, पुरावा टेबलावर लागेल. यालाही घेऊन ये.

अण्णांनी मासा चावत मान डोलावली. उत्तर त्यांनी आधी इंग्रजीत दिलं, आणि मग, माझी गैरसोय नको म्हणून, मराठीत.

"आणतो की. फक्त याला उघडून बघू नका. आत काही नाही."